व्हायोलाचे ‘खरे’ माप

पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या वर्तुळात एक समज मोठ्या निष्ठेने जपला जातो. व्हायोला जितका मोठा तितका अस्सल; ज्याच्या हाताला तो पेलत नाही त्याने निमूटपणे व्हायोलिनकडे परतावे. हा समज सौंदर्यविचाराच्या भाषेत मांडला जातो, म्हणून अधिक घातक. ‘गडद स्वर’, ‘वाद्याचा आत्मा’ अशी शब्दकळा एकदा योजली की हाताची लांबी हाच कलागुण वाटू लागतो आणि लहान चणीच्या वादकांना, त्यातही स्त्रियांना, दाराबाहेर ठेवणे रसिकतेचे लक्षण ठरते.

मुळात असा ‘अस्सल’ व्हायोला अस्तित्वातच नाही. व्हायोलिनची पेटी सुमारे 35.5 सेंटिमीटर लांब असते. व्हायोला लावला जातो तिच्याहून एका पंचमाने खाली. तेव्हा तेच प्रमाण काटेकोर राखायचे तर पेटी दीडपट, म्हणजे सुमारे 53 सेंटिमीटरांची हवी. हनुवटीखाली धरून ती वाजवणार कोण? प्रत्यक्षात व्हायोला साधारण 38 ते 43 सेंटिमीटरांचे असतात. मग 43 च्या वादकाने 39 च्या वादकाला तडजोडवाला म्हणावे ते कशाच्या बळावर? ज्याचे एवढे कौतुक होते तो किंचित घोगरा, अनुनासिक स्वर या तडजोडीचेच अपत्य आहे.

मोठ्या पेटीत खालची तार अधिक भरदार बोलते, हे मी नाकारत नाही. लायनेल टर्टिसने आर्थर रिचर्डसन या कारागिराच्या साहाय्याने 1930 च्या दशकात सिद्ध केलेला सुमारे 42.5 सेंटिमीटरांचा नमुना याच ध्यासातून आला. (गंमत अशी की टर्टिसचे स्वतःचे जुने वाद्य याहूनही मोठे होते, मोठ्या मापाच्या या आद्य पुरस्कर्त्यानेही हात आखडता घेतलाच.) पण पेटी लांबली की डावा हात शरीरापासून दूर जातो, मनगट वाकते, बोटांमधली अंतरे वाढतात आणि सर्वांत दुबळी करंगळी स्वरावर पोचते ती ताणलेल्या अवस्थेत. ताणलेल्या बोटाला मोकळा कंप देता येत नाही. पेटीने कमावलेली श्रीमंती बोटाच्या टोकाशी अशी खर्च होते.

शेजारच्या वाद्यांना हा सोवळेपणा नाही. स्ट्रॅडिव्हरीने अठराव्या शतकाच्या आरंभी आपल्या चेलोचे माप लहान केले. तेच पुढे आदर्श मानले गेले. जुने मोठे चेलो कापले गेले. प्रौढ वादकांचा प्रचलित डबल बास तर ‘तीन चतुर्थांश’ याच नावाने ओळखला जातो. त्याला कोणी अपुरा म्हणत नाही. मराठीच्या अध्यापकांना हा खेळ नवा वाटू नये. आधी एका गटाची बोली ‘प्रमाण’ ठरते, मग बाकीच्यांचे उच्चार आपोआप ‘अशुद्ध’ होतात.

स्ट्रॅडिव्हरीचा 1690 चा ‘मेदिची’ टेनर व्हायोला फ्लॉरेन्सच्या अकादेमिया संग्रहालयात आहे: जवळजवळ 48 सेंटिमीटरांचा, न कापलेला. त्या काळी अशा वाद्याच्या वाट्याला मधल्या आवाजाच्या, हाताला फार न धावडवणाऱ्या ओळी येत. विसाव्या शतकातल्या कंचेर्टोंची चढउतार त्यावर कोणी कल्पिलीही नव्हती. त्याच्या जातीची कितीतरी वाद्ये पुढच्या कारागिरांनी करवत लावून लहान केली आणि ती आजही मैफलींत वाजताहेत.