नाव संताचे, निवड कोणाची?

दृढीकरण संस्काराचा दिवस जवळ आला की घरोघरी लगबग सुरू होते. पोशाख शिवला जातो, जेवणाची यादी होते, छायाचित्रकाराला विसार दिला जातो. संताचे नाव मात्र आदल्या रात्री ठरते, आणि तेही बहुधा थोरांच्या पसंतीने. निकष एकच, उच्चाराला गोड हवे! 'हा संत कोण?' असे विचारले तर मूल आईच्या तोंडाकडे पाहते.

ख्रिस्तसभेने हे नाव कोणावर लादलेले नाही. १९८३ च्या धर्मसंहितेत दृढीकरणासाठी वेगळ्या नावाची अट नाही. उलट, बाप्तिस्म्याच्या वेळच्या धर्ममातेने वा धर्मपित्यानेच या वेळीही सोबत असावे, असे ती सुचविते. कारण दोन्ही संस्कारांचे नाते अतूट आहे. बाप्तिस्म्याचेच नाव कायम ठेवले तरी संस्कारात काही उणे राहत नाही. म्हणजे नवे नाव आपण स्वेच्छेने घेतो. जे स्वेच्छेने घ्यायचे, ते न समजता का घ्यावे?

विलायती वळणाचे तेच नाव ख्रिस्ती, अशीही एक समजूत आहे. १७४५ साली नीलकंठन पिल्ले यांचा बाप्तिस्मा झाला, तेव्हा 'लाजरस' हे नाव त्यांनी तमिळ रूपात, 'देवसहायम' असे धारण केले. १७५२ साली त्यांनी श्रद्धेसाठी प्राण दिले आणि २०२२ साली ते संतपदी विराजमान झाले. त्या देशी नावाने त्यांचे ख्रिस्तीपण तसूभर तरी कमी झाले काय?

आणि आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया? याच मातीत जन्मलेले, व्यापार सोडून मनिला येथे फ्रान्सिस्कन बंधू झालेले, १५९७ साली नागासाकी येथे क्रुसावर प्राण अर्पण केलेले आणि १८६२ साली संत म्हणून घोषित झालेले! त्यांचे नाव आपण महाविद्यालयाला दिले. मुलाला देताना मात्र ते जुनाट वाटते!

कोणी म्हणेल, एवढ्या लहान वयात मुलांना काय कळते? कार्लो अकुतिस २००६ साली अवघ्या पंधराव्या वर्षी निवर्तला आणि २०२५ साली संत झाला. श्रद्धा ज्या वयात जगता येते, त्या वयात नाव निवडता येणार नाही काय? पवित्र आत्म्याचे दान पेलण्यास मूल समर्थ आहे असे मानायचे आणि नावापुरते त्याला अजाण ठरवायचे, ही कुठली रीत?

म्हणून पालकांनी एवढेच करावे. संस्काराच्या काही महिने आधी मुलाच्या हाती दोन-चार संतचरित्रे द्यावीत. निवड त्याला करू द्यावी. मग एका संध्याकाळी, रोझरीनंतर, हेच नाव का निवडले ते घरच्यांसमोर त्याला सांगू द्यावे. ते सांगता येत नसेल, तर बाप्तिस्म्याचे नाव पुरेसे आहे. संतांची नावे म्हणजे सणासुदीला मिरविण्याचे दागिने नव्हेत. ज्या वाटेने चालायचे, त्या वाटेवरचे ते सोबती आहेत.