वेशीपलीकडचा कचरा

माझे वडील होळकर दरबारी पखवाज वाजवीत. विसाव्या वर्षी चाकरीस लागले आणि चारच वर्षांत, १९४८ साली, संस्थान विलीन झाले. नानांच्या दरबारी सवयी मात्र अखेरपर्यंत विलीन झाल्या नाहीत. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. पखवाजाच्या डाव्या पुडीला ओली कणीक लावतात आणि वादन संपले की ती खरवडून काढतात, हे जाणकारांना ठाऊकच आहे. खरवडण्याचे काम माझ्याकडे असे. एकदा कंटाळून मी तो गोळा खिडकीतून शेजारच्या परसात भिरकावला. नानांनी हाताला धरून मला तेथे नेले, गोळा उचलायला लावला, गाईला घालायला लावला आणि एवढेच म्हणाले, "आपले घर झाडायचे ते शेजाऱ्याचे अंगण भरण्यासाठी नव्हे."

हे आठवायचे कारण माझा एक शिष्य. सांवेरच्या बाजूच्या एका खेड्यातून तो तबला शिकायला येतो. परवा माझ्या घरासमोर घंटागाडी उभी होती. ओला कचरा निराळा, सुका निराळा, सारे शिस्तीत चालले होते. तो बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "गुरुजी, तुमचे शहर फार स्वच्छ आहे. आमच्याकडे नदीत गुरेसुद्धा तोंड घालीत नाहीत." त्याच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. म्हणूनच ते अधिक लागले.

आपल्या शहराने केले ते थोडे नाही. २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणाचा पहिला मान सतत इंदूरकडे आला. २०२४ च्या सर्वेक्षणात, आधीच्या विजेत्यांचा वेगळा वर्ग झाला तरी, आपण त्याच्या अग्रभागीच राहिलो. देवगुराड्याजवळचा सुमारे १३ लाख टनांचा जुना ढीग २०१८ च्या सुमारास उपसून निवडून हलवला गेला. तेथेच २०२२ पासून रोज ५५० टन ओला कचरा पचवून गॅस करण्याच्या शक्तीचा कारखाना उभा आहे. कचरा घरातच निवडला जातो, म्हणून हे साधले. त्याचे श्रेय सफाई कामगारांना आणि घराघरांतल्या गृहिणींना आहे.

पण आपली कान्ह नदी, जिला आपण सरसकट खान म्हणतो, ती वेशीवर थांबत नाही. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी सरस्वतीला पोटात घेऊन ती शहराबाहेर पडते, सांवेर तालुक्यातून वाहते आणि उज्जैनला त्रिवेणीपाशी क्षिप्रेला मिळते. शहराचे सांडपाणी आणि कारखान्यांचे पाणी तिच्यातूनच पुढे गेले. २०१६ च्या सिंहस्थात क्षिप्रा निर्मळ राहावी म्हणून कान्हचे पाणी जमिनीखालच्या नळातून उज्जैनला वळसा घालून नेले. २०२८ च्या सिंहस्थासाठी तेच पाणी गंभीर नदीकडे नेणारा सुमारे ३० किलोमीटरचा बंद कालवा योजला आहे. यात्रेकरूंचे स्नान शुद्ध व्हावे हे योग्यच. परंतु मळ धुण्याऐवजी त्याची वाट बदलणे याला खिडकीतून गोळा भिरकावणे म्हणायचे नाही, तर काय म्हणायचे?

दुसरे उदाहरण पीथमपूरचे. तेथील कारखाने इंदूरच्या पैशावर आणि इंदूरच्या माणसांवर चालतात; गाव मात्र धार जिल्ह्यातले. भोपाळच्या विषारी वायूच्या कारखान्यातला ३३७ टन कचरा जानेवारी २०२५ मध्ये तेथे आला, तेव्हा पीथमपूर रस्त्यावर उतरले. इंदूरमध्येही काळजी झाली, पण ती बहुतांशी आपल्या पिण्याच्या पाण्याची. त्या वर्षीच्या जूनअखेर तो कचरा जाळून झाला. राखेशेजारी राहायचे आहे ते पीथमपूरकरांना.

पखवाजाच्या दोन्ही पुड्या एकाच वादीने आवळलेल्या असतात. एकीकडे ताण दिला की दुसरीकडचा स्वर हलतो. म्हणून जुळवणारा दोन्हीकडे कान ठेवतो. शहर आणि जिल्हा असेच एका वादीत बांधलेले आहेत, आणि आपण मात्र एकच पुडी जुळवून मैफलीला बसलो आहोत.

उपाय नवा शोधायला नको. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने प्रत्येक जिल्ह्याला नियोजन समिती सांगितली आहे. पंचायती आणि नगरपालिका यांनी समाईक हिताच्या गोष्टी, त्यांत पाण्याची वाटणी आणि पर्यावरणाचे रक्षणही आले, एकत्र बसून ठरवाव्यात हा तिचा हेतू. त्या बैठकीत कान्ह पहिल्या विषयावर यावी. शहराजवळच्या खेड्यांतला निवडलेला ओला कचरा शहराच्या कारखान्याने घ्यावा आणि खत त्याच शेतांना परत जावे. लहान कारखानदाराला स्वतःचे शुद्धीकरण यंत्र परवडत नाही. त्याला सामायिक यंत्रणा हवी. ती रात्रीही चालते की नाही, हे पाहणाऱ्यांत नदीकाठच्या गावांची माणसे हवीत. खर्च कोणी करायचा, असे विचारले जाईल. ज्याने घाण केली त्याने. आणि तो बहुतेक वेळा शहरात राहतो.

आपली जुनी घराणी या शहरात पिढ्यान्‌पिढ्या मानाने नांदली. आपल्यापैकी कित्येकांची मुले आज याच कारखान्यांत अधिकारी आहेत, काही मालकही आहेत. त्यांना रात्री जेवताना एकच प्रश्न विचारावा: तुमच्या कारखान्याचे पाणी कोठे जाते? उत्तर ठाऊक नसेल, तर सकाळी जाऊन पाहून या म्हणावे.

पुढच्या शनिवारी शिष्य येईल. त्याच्या गावची नदी एका आठवड्यात बदलणार नाही. पण या रविवारी मी त्याच्या गावी जाऊन ती पाहून येणार आहे. इतकी वर्षे शेजारच्या परसात डोकावलोच नाही, याची लाज वाटते.