शंभर गाण्यांचं आमिष

‘चार कॉर्ड्स शिका, शंभर गाणी वाजवा.’ गिटार हातात घेतलेल्या प्रत्येकाला पहिल्याच आठवड्यात हे ऐकवलं जातं. ते खोटं नाही. सी, जी, ए मायनर, एफ या क्रमावर खरोखरच ढीगभर गाणी उभी आहेत. माझं भांडण वेगळं आहे. शिकणं जिथे सुरू व्हायला हवं, तिथेच हे वाक्य ते संपवून टाकतं.

मागे घरच्या एका कार्यक्रमात भाचा गिटार घेऊन बसला. आठ महिने क्लास झालेला. माझी आई, म्हणजे त्याची आजी, हौसेने गायला लागली आणि दुसऱ्याच ओळीला म्हणाली, “बाळा, माझा आवाज नाही पोचत रे. जरा खालच्या पट्टीत घे.” भाचा थांबला. कॅपो होता, पण त्याच बोटांनी वाजवायचं तर कॅपो पट्टी चढवतो, उतरवत नाही. गाणं तिथेच राहिलं.

वाईट याचं वाटलं, की उत्तर त्याच्या बोटांत होतं. तोच क्रम जीच्या पट्टीत जी, डी, ई मायनर, सी असा होतो. या चारही कॉर्ड्स त्याला येत होत्या. त्यांचं एकमेकींशी नातं काय, हे मात्र आठ महिन्यांत कुणी सांगितलं नव्हतं.

आणि ते नातं अर्ध्या तासात सांगण्याइतकं सोपं आहे. सीला सा माना. सा, म आणि प यांवर तीन मेजर कॉर्ड्स बसतात: सा-ग-प, म-ध-सा, प-नी-रे. मोजून पाहा, बिलावल थाटाचे सातही स्वर यात आले. धवर मायनर बसते: ध-सा-ग. मग तो सुप्रसिद्ध क्रम म्हणजे फक्त सा, प, ध, म. पट्टी बदलली की सा बदलतो, क्रम तोच राहतो. काळी एकवरून पांढरी चारवर जाणाऱ्या आपल्या पेटीवाल्यांना यात नवीन काहीच वाटणार नाही.

‘थिअरी आणली की मजा जाते,’ असं क्लासवाले म्हणतात. पहिले काही आठवडे बोटांची टोकं हुळहुळतात, एफचा बार लागता लागत नाही; तेव्हा हिशेब नको, मान्य. पण पुढे? गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलं सोल्फेज, म्हणजे स्वर वाचून गाणं, शिकत. त्या शाळांत घडलेल्या अनेक वादकांनी पुढे मुंबईत हिंदी चित्रपटगीतांना हार्मनीची जोड दिली. थिअरीने त्यांची मजा गेल्याचं ऐकिवात नाही.

तेव्हा पालकांनो, क्लासला किती गाणी झाली हे विचारू नका. एकच गाणं तीन पट्ट्यांत वाजवायला सांगा. गिटार शिकलेल्या नातवासोबत आजीला गाता येत नसेल, तर ती शंभर गाणी घेऊन करायचं काय?