हीथ्रोचे सोवळे

१७ सप्टेंबर २०२१ रोजी ब्रिटनचे वाहतूकमंत्री ग्रँट शॅप्स यांनी परदेशी प्रवाशांसाठी नवी नियमावली जाहीर केली आणि दोन्ही डोस घेतलेला मी पुणेकर अधिकृतपणे बिनलशीचा ठरलो. हिरवा, पिवळा, लाल हा जुना सिग्नल मोडीत निघणार होता, ४ ऑक्टोबरपासून सगळे सोपे, सुटसुटीत होणार होते. कोणाच्या लशीला लस म्हणायचे याची यादीही तयार होती. ब्रिटन, युरोप आणि अमेरिकेत टोचून घेतलेले लोक आधीपासून पावन होतेच, त्यांच्या पंगतीला आणखी १७ देश बसवले गेले. ऑस्ट्रेलिया, कॅनडा, जपान, इस्रायल, कतार, सौदी अरेबिया. शिवाय अँटिग्वा आणि बार्बुडा, बार्बाडोस, डॉमिनिका. भारत नाही.

कॅरिबियन बेटांशी माझे वैर नाही. सोबर्स आणि रिचर्ड्स ज्या मातीतून आले तिच्याशी भांडायला मला वेड लागलेले नाही. पण फेब्रुवारी २०२१ मध्ये बार्बाडोस आणि डॉमिनिका यांना कोविशील्डच्या कुप्या भेट म्हणून पाठवल्या होत्या त्या भारतानेच. ज्याने घेतली तो यादीत, ज्याने बनवून दिली तो उंबऱ्याबाहेर.

आणि ही कोविशील्ड म्हणजे काही वैदूच्या झोळीतला काढा नव्हता. लस ऑक्सफर्डची, परवाना अ‍ॅस्ट्राझेनेकाचा, कारखाना हडपसरचा. ब्रिटनच्या औषध नियामकांनी हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटची पाहणी करून तिला मान्यता दिली होती. कारण उघड होते, मार्च २०२१ मध्ये त्यांना लस कमी पडत होती. तेव्हा हडपसरहून ५० लाख डोस ब्रिटनला गेले आणि ब्रिटिश दंडांत टोचलेही गेले. त्या दंडांच्या मालकांना कोणी बिनलशीचे म्हटले नाही. म्हणजे एकाच कारखान्याची एकच लस मँचेस्टरात टोचली तर संरक्षण आणि कोथरूडला टोचली तर पाणी. आपल्या आजीच्या पिढीतले सोवळे निदान एवढे प्रामाणिक होते की विहीर बाटली म्हटल्यावर तिचे पाणी स्वतःही पीत नसत.

चहूकडून ओरड झाली. शशी थरूर यांनी केंब्रिजमधला वादविवादाचा कार्यक्रम सोडला, जयराम रमेश यांनी याला सरळ वंशद्वेष म्हटले, परराष्ट्र सचिव हर्षवर्धन शृंगला यांनी भेदभाव म्हटले आणि परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनी न्यूयॉर्कमध्ये ब्रिटनच्या नव्या परराष्ट्रमंत्री लिझ ट्रस यांच्याकडे विषय काढला. पाच दिवसांत, २२ सप्टेंबरला, नियमावलीत कोविशील्डचे नाव घुसडण्यात आले. आपल्या वाहिन्यांनी विजयाचे ढोल वाजवले. ढोल थांबल्यावर खाली पाहिले तर विलगीकरण जिथल्या तिथे होते. लस मान्य, लस घेतलेला माणूस अमान्य! आता कारण बदलले होते. म्हणे अडचण लशीची नाही, प्रमाणपत्राची आहे. आपल्या कोविन प्रमाणपत्रावर जन्मतारीख नसून नुसते वय आहे.

इथे मला आपल्याही लोकांचे कान उपटायचे आहेत. ज्या प्रमाणपत्रावर पंतप्रधानांच्या छायाचित्राला आणि त्यांच्या संदेशाला जागा सापडली, त्यावर लस घेणाऱ्याच्या जन्मतारखेला जागा सापडू नये? परदेशात पासपोर्टशी ताडून पाहायचा हा कागद. त्यावर कोणाचा चेहरा असायला हवा आणि कोणाची जन्मतारीख, एवढे कळायला आयटीची पदवी लागत नाही. ही चूक आपली, आणि ती दुरुस्त करायला ब्रिटनने नाक दाबेपर्यंत वाट पाहिली.

पण म्हणून लंडन सुटत नाही. प्रमाणपत्राचा रकानाच खटकत होता तर १७ तारखेच्या कागदात तसे लिहायचे होते. केनियाकडे पाहा. तिथे ब्रिटनने स्वतः अ‍ॅस्ट्राझेनेकाचे डोस दान केले होते आणि दानाचे फोटोही छापून आणले होते. तेच डोस घेतलेला केनियन माणूस लंडनला निघाला की बिनलशीचा. तिथे कोविन नव्हते, पंतप्रधानांचा फोटो नव्हता, हडपसर नव्हते. तरी निकाल तोच. नियम करणाऱ्यांनी आधी देश निवडले आणि कारणे मागाहून शोधली, याशिवाय दुसरा अर्थ मला तरी लागत नाही.

त्या सप्टेंबरातले आकडे काढून बघा. भारतात रोज तीसेक हजार नवे रुग्ण सापडत होते, ब्रिटनमध्येही रोज तीसेक हजार. फरक इतकाच की आपली लोकसंख्या त्यांच्या वीसपट. आपल्याकडे चाचण्या कमी होत्या, आकडे झाकलेले होते, सगळे मान्य. आपला आकडा पाचपट करून घ्या, तरी दर डोई पारडे त्यांच्याकडेच झुकते. १९ जुलैला त्यांनी ‘स्वातंत्र्य दिन’ साजरा करून इंग्लंडातली जवळपास सगळी बंधने उठवली होती. नाइट क्लब उघडे, स्टेडियम भरलेली, मास्क ऐच्छिक. अशा देशात पुण्याहून येणाऱ्या, दोन डोस घेतलेल्या, विमानात बसण्यापूर्वी चाचणी केलेल्या माणसाने दहा दिवस खोलीत कोंडून घ्यायचे. कशापासून कोणाला वाचवण्यासाठी?

खरे तर बेट असणे हे साथीच्या काळात वरदान. न्यूझीलंडने ते ओळखले. १९ मार्च २०२० च्या रात्री परक्यांना दार लावले आणि पुढे स्वतःच्या नागरिकांनाही विलगीकरणाच्या खोलीसाठी ताटकळत ठेवले. निर्दय म्हणा, पण हेतू समजतो. ब्रिटनने काय केले? साथ ऐन भरात येत असताना, १३ मार्च २०२० ला, बाहेरून येणाऱ्या प्रवाशांसाठीच्या स्वविलगीकरणाच्या सूचना मागे घेतल्या आणि ८ जूनपर्यंत दार सताड उघडे ठेवले. हॉटेलातले सक्तीचे विलगीकरण सुरू व्हायला १५ फेब्रुवारी २०२१ उजाडला. चहूबाजूंनी समुद्र असून या देशाला किनारा सापडायला वर्ष लागले.

मग आला एप्रिल. २ एप्रिलला ब्रिटनने पाकिस्तान आणि बांगलादेश यांना लाल यादीत टाकल्याचे जाहीर केले, ९ तारखेपासून अंमल. भारतात तेव्हा दुसरी लाट उसळत होती आणि आपल्या महाराष्ट्रात तर खाटा संपत आल्या होत्या. भारताचे नाव मात्र यादीत नाही. महिनाअखेरीस पंतप्रधान बोरिस जॉन्सन व्यापाराच्या बोलण्यांसाठी दिल्लीला येणार होते. या दोन गोष्टींचा काही संबंध नाही, असे त्यांचे सरकार म्हणाले. असेल बुवा! १९ एप्रिलला दौरा रद्द झाला आणि त्याच दिवशी काही तासांत आरोग्यमंत्री मॅट हँकॉक यांनी भारत लाल यादीत गेल्याचे संसदेत सांगितले. त्यातही अंमल २३ तारखेपासून, म्हणजे मधले दिवस पळापळीला मोकळे. विमान कंपन्यांनी जादा फेऱ्या मागितल्या, हीथ्रोने नाकारल्या. जूनपर्यंत ब्रिटनमध्ये डेल्टाच मुख्य विषाणू झाला होता. बैल गेला आणि झोपा केला, ही म्हण आपल्या पूर्वजांनी हीथ्रो न बघता केली याचे मला नवल वाटते.

डेल्टा पोचायच्या आधी दार लावणे हे वैद्यक झाले असते. मी त्याबद्दल चकार शब्द काढला नसता, पुण्यात बसून टाळ्या वाजवल्या असत्या. डेल्टा तिथल्या घराघरात शिरल्यावर भारतीयांना कोंडणे हा निव्वळ देखावा होता, आणि देखाव्याचे तिकीट प्रवाशाच्या खिशातून. लाल यादीतून येणाऱ्या एकट्या प्रौढ माणसाला हॉटेलचे १,७५० पौंड भरावे लागत, म्हणजे सुमारे एक लाख ऐंशी हजार रुपये. १२ ऑगस्टपासून हा दर २,२८५ पौंड झाला. भारत ८ ऑगस्टला त्या यादीतून निघाला, पण घरी दहा दिवस आणि दुसऱ्या व आठव्या दिवशीच्या चाचण्या सुटल्या नाहीत.

या चाचण्यांचा बाजार ज्याने अनुभवला नाही त्याला सांगून पटणार नाही. माझी भाची त्या सप्टेंबरात उत्तर इंग्लंडातल्या एका विद्यापीठात शिकायला गेली. प्रवाशाचा फॉर्म भरायचा तर त्यात चाचण्यांच्या आरक्षणाचा क्रमांक हवा, क्रमांक हवा तर आधी पैसे भरा. सरकारी यादीतली एक स्वस्त दिसणारी कंपनी तिने निवडली. स्वस्त दर ‘शिल्लक नाही’ म्हणून दुप्पट भरले. दुसऱ्या दिवशी करायच्या चाचणीचे किट पोस्टाने आले तेव्हा तिचे विलगीकरण संपत आले होते. तिने ते इमानाने नाकात घालून परत पाठवले. निकाल आलाच नाही, आणि आला नाही म्हणून कोणी विचारलेही नाही. म्हणजे पैसे सोडून त्या सगळ्या व्यवहारात कोणाला कशातच रस नव्हता. अशा तक्रारी इतक्या झाल्या की ऑगस्टमध्येच आरोग्यमंत्री साजिद जाविद यांनी व्यापारातील गैरप्रकारांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेला या बाजाराकडे बघायला सांगितले होते, आणि फसवे दर लावणाऱ्या ८० हून अधिक कंपन्यांना ताकीदही मिळाली होती.

ऑगस्टमध्ये अदर पूनावालांनी परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांच्या विलगीकरणाच्या खर्चासाठी दहा कोटी रुपये बाजूला काढल्याचे जाहीर केले. विद्यार्थ्यांची सोय झाली, चांगलेच. पण बघा कुठवर पाळी आली. लस बनवणाऱ्याने आपल्याच लशीच्या अपमानाची भरपाई गिऱ्हाइकांना द्यायची. याच पूनावालांच्या सीरमने ब्रिटनमध्ये २४ कोटी पौंड गुंतवायचे ठरवल्याची घोषणा मे महिन्यात खुद्द जॉन्सन यांच्या कार्यालयाने मोठ्या अभिमानाने केली होती. भारत तेव्हा लाल यादीत होता. पौंडांना विलगीकरण लागत नाही, हे त्या निमित्ताने कळले.

नियतीलाही विनोदबुद्धी असावी. हडपसरचे ते ५० लाख डोस ज्यांना टोचले गेले त्यांपैकी काही ब्रिटिश नागरिक जुलैमध्ये माल्टाला सुटीवर निघाले. माल्टाही बेटच. तिथल्या नियमांप्रमाणे युरोपच्या नियामकांनी मंजूर केलेलीच लस चालणार होती आणि सीरमने युरोपात अर्जच केलेला नव्हता. प्रमाणपत्रावरचा बॅच क्रमांक हडपसरचा निघाला म्हणून मँचेस्टरच्या विमानतळावरून लोकांना परत फिरावे लागले. केवढा गहजब झाला! लस तीच आहे, नियामकांनी तपासली आहे, भेदभाव कसला करता, असे ब्रिटिश सरकारने ठणकावले आणि काही दिवसांत माल्टाने माघार घेतली. हा जुलै. दोन महिन्यांनी हाच युक्तिवाद आपण केला तेव्हा लंडनला जन्मतारखेची आठवण झाली.

प्लेग, रँड, १८९७ वगैरे काढायचा मोह मला होतो आहे, पुण्यात राहून तो न होणे कठीण. पण आवरतो, कारण आपल्या सरकारने पुढे जे केले त्याने आपले शहाणपणही उघडे पडले. ४ ऑक्टोबरपासून ब्रिटनहून येणाऱ्या प्रत्येक ब्रिटिश नागरिकाला, लस घेतलेली असो वा नसो, निघण्यापूर्वी ७२ तासांत एक चाचणी, उतरल्यावर दुसरी, आठव्या दिवशी तिसरी आणि दहा दिवस विलगीकरण. जशास तसे! समाजमाध्यमांवर छात्या फुगल्या. पण ऐन कोविडात पुण्या-मुंबईला येणारे हे ब्रिटिश नागरिक होते तरी कोण? ताजमहाल बघायला कोणी येत नव्हते. हॅरो, स्लाव, वेम्बलीत तीस वर्षे राहिलेले आपलेच लोक, आजारी वडिलांना भेटायला ठाण्याला येणारे, आईच्या वर्षश्राद्धाला सांगलीला पोचू पाहणारे. जॉन्सनचा राग त्यांच्यावर. वड्याचे तेल वांग्यावर. लंडनचा नियम अशास्त्रीय आहे असे दोन आठवडे ओरडून आपण त्याचीच नक्कल काढली, आणि तिला राष्ट्राभिमान हे नाव दिले.

मग ७ ऑक्टोबरला ब्रिटनने जाहीर केले की ११ तारखेपासून कोविशील्डवाल्या भारतीयांना विलगीकरण नाही. १३ तारखेला आपणही आपले नियम गुंडाळले. त्या आठवड्यात विषाणूने काय केले? काहीच नाही. दोन बाबू हसले आणि साथ ओसरली.

यात कोव्हॅक्सिनवाल्यांची कोणाला आठवण राहिली नाही. आपल्या केंद्रावर कुठे निवड होती? त्या दिवशी जी कुपी फुटेल ती टोचून घ्यायची. ज्यांच्या नशिबी हैदराबादची आली ते जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता येईपर्यंत, म्हणजे ३ नोव्हेंबरपर्यंत, लटकले आणि ब्रिटनचे दार त्यांना २२ नोव्हेंबरला उघडले. त्यांच्यासाठी ना कोणी वादविवाद सोडला ना कोणी वंशद्वेष म्हटले.

त्यानंतर चारच दिवसांनी, २६ नोव्हेंबरला, ब्रिटनने दक्षिण आफ्रिकेसह सहा देशांची विमाने थांबवली. दक्षिण आफ्रिकेचा गुन्हा एवढाच की तिथल्या शास्त्रज्ञांनी ओमायक्रॉन ओळखला आणि लपवला नाही. दुसऱ्याच दिवशी ब्रिटनमध्येच ओमायक्रॉनचे रुग्ण सापडले. तरी लाल यादी वाढत वाढत ११ देशांवर गेली, सगळे आफ्रिकेतले. १४ डिसेंबरला जाविद यांनी संसदेत सांगितले की ओमायक्रॉन आता आपल्याच देशात पसरला आहे, तेव्हा या यादीचा फारसा उपयोग उरलेला नाही. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ती रिकामी झाली. डेल्टाबद्दल हेच वाक्य त्यांच्या सरकारला जूनमध्ये म्हणता आले असते, पण तेव्हा त्या यादीत भारत होता, आणि तो ऑगस्टपर्यंत तिथेच राहिला.