धरणाच्या पायथ्याशी

अमेरिकेत धरणाच्या तळातून सुटणाऱ्या गार पाण्यात वर्षभर ट्राउट राहतो, म्हणून तिथले गळवाले भिंतीखाली दोरीला बूच बांधून निवांत बसतात. आपल्या कोमट सह्याद्रीत ट्राउट जगणार नाही, पण भिंतीचा पायथा इथेही ओळखीचा आहे. जूनचा पहिला मोठा पाऊस पडला की परळ-लालबागच्या गिरणगावातला रायगडकर गावी पळतो, कारण वलगणीचे मासे चढू लागतात. अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध निघालेला मासा बांधापाशी अडतो आणि पोटात गाभोळी असतानाच टोपलीत जातो. चव अफाट असते, हे मान्य. पण गळ टाकून वाट पाहणाऱ्याला मी मच्छीमार म्हणेन, अडलेल्या गाभण्या माशाला दांडक्याने मारणाऱ्याला नाही. (गाववाले आता माझ्याशी भांडतील.) गंमत अशी की मुंबईच्या कापडगिरण्यांना वीज हवी होती म्हणून टाटांनी लोणावळ्याचं वळवण धरण बांधलं. त्याचं पाणी घाटाखाली कोसळून १९१५मध्ये सुरू झालेलं खोपोलीचं वीजघर चालवू लागलं. धरणांनी वाट अडवलेल्या माशांत खडशी, म्हणजे महसीरही आला. पुढे १९७०च्या दशकात टाटांनी वळवणलाच त्याचं बीज तयार करायला सुरुवात केली आणि तिथली पिल्लं परराज्यांतल्या पाण्यातही सोडली गेली. गिरण्यांचे भोंगे केव्हाच थांबले, वळवणच्या हौदांत खडशीची पिल्लं मात्र वाढत राहिली.