आधी खराटा, मग कीर्तन

4 मार्च हा राष्ट्रीय सुरक्षा दिन. त्या आठवड्यात भोसरीपासून चाकणपर्यंत कंपन्या प्रेरणादायी वक्ते बोलावतात. मी भोसरीतल्या एका प्रेस शॉपमध्ये सुपरवायझर आहे. ही भाषणं ऑपरेटर पोरांसोबत बसून ऐकते. एक आकडा हमखास कानावर पडतो: संवादात शब्दांचा वाटा 7 टक्के, आवाजाचा 38, चेहऱ्याचा 55.

हा आकडा अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाच्या 1967 मधल्या प्रयोगांतून आला. त्यांत भाषण नव्हतंच. सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवले, चेहऱ्यांचे फोटो दाखवले आणि बोलणाऱ्याला समोरचा आवडतो की नावडतो, एवढंच ओळखायला सांगितलं. त्यापलीकडे हे गणित लावू नका, असं खुद्द मेहराबियन यांनी बजावलं आहे. प्रेसची दोन्ही बटणं दोन हातांनीच दाबा, उत्पादन वाढवायला एक बटण पट्टीने बांधून ठेवू नका, हे सांगायला शब्दच लागतात, तेही नेमके.

पण ते शब्द पटतात ते सांगणाऱ्याच्या वागण्यामुळे. गाडगे महाराज गावात आले की आधी खराटा घेऊन रस्ते झाडत, कीर्तन रात्री. अंगावर चिंध्या, जवळ मातीचं गाडगं. स्वच्छतेचा विषय निघेपर्यंत गावाने त्यांना राबताना पाहिलेलं असे. देहू आणि आळंदी आमच्या पट्ट्याला लागूनच आहेत. कीर्तन ऐकत वाढलेले कामगार इथे पुष्कळ, त्यांना तळवे उघडे ठेवून बोलायची शिकवलेली ढब पटकन कळते.

आमच्याकडे एक जुना फिटर आहे. डाय बदलताना तो मेन स्विच बंद करतो, कुलूप लावतो, किल्ली स्वतःच्या खिशात टाकतो, स्लाइडखाली ठोकळा ठेवतो आणि मगच हात आत घालतो. कितीही घाई असो, क्रम बदलत नाही. नवे ट्रेनी त्याचं बघून तसंच करायला लागतात. तो फारसा बोलत नाही. पण बोलला की पोरं काम थांबवून ऐकतात.

म्हणून प्लांट हेडना माझं सांगणं आहे: सुरक्षेवर तुम्ही स्वतः बोला, लाइनवर येऊन, सेफ्टी शूज घालून. आणि जेवणाच्या सुट्टीत नको, कामाच्या वेळेत प्रेस बंद ठेवून बोला. उत्पादनाचा आकडा तासातासाला फळ्यावर लिहिला जातो तिथे थांबलेली प्रेस काय सांगते, ते कंत्राटी पोरालाही बरोबर कळतं.