फुकटचा देवदूत



गेल्या वर्षी आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारी मिस्सा संपल्यावर आम्ही चर्चच्या ओसरीत एक टेबल मांडले होते. आमच्या धर्मग्रामातील पाच भगिनींनी क्रोशाने विणलेले देवदूत त्यावर उभे होते. पाच बोटे उंची, पांढरा सुती दोरा, खळ देऊन ताठ केलेला घेर, दोन पंख आणि झाडाला टांगण्यासाठी डोक्यामागे दोऱ्याचा फास. किंमत ५० रुपये.

आमचेच एक बंधू आले. देवभीरू, खाऊनपिऊन सुखी, मिस्सा कधी न चुकवणारे. त्यांनी एक देवदूत उचलला, उलटा करून आत बघितले आणि म्हणाले, "पन्नास? हैदराबादला बेगम बाजारात एवढ्यात अख्खी माळ येती की." मग विणणाऱ्या आक्कांकडे न बघता आम्हाला म्हणाले, "बसल्या जागी करायल्यात, त्याचे कसले आलेत पैसे?" २० रुपये टेबलावर ठेवले, देवदूत खिशात घातला आणि गेले. आक्कांनी ती नोट उचलून पदराला बांधली. आणि आम्ही काय केले? आम्ही हसलो. सणासुदीला कशाला वाद, म्हणून.

हा लेख त्या वीस रुपयांच्या विरुद्ध आहे आणि आमच्या त्या हसण्याच्याही.

ज्यांनी क्रोशाची सुई कधी हातात धरली नाही त्यांनी एकदा आक्कांच्या शेजारी बसून बघावे. आम्ही यंदा बसलो. सहा साखळ्या घालून त्यांचा गोल करायचा, त्यात बारा मुके खांब. ही झाली देवदूताची टाळू. मग ओळीओळीने डोके वाढवत न्यायचे, आत कापूस भरायचा आणि टाके कमी करत गळा आवळायचा. गळ्यापासून झगा सुरू होतो. प्रत्येक ओळीत खांब वाढतात. एखादा मोजायचा राहिला तर घेर एका अंगाला झुकतो आणि चार ओळी उसवाव्या लागतात. काठाला शिंपल्यांची नक्षी. पंख वेगळे विणून पाठीला शिवायचे. मग खळ. आक्का साबुदाण्याची खळ करतात, दुसऱ्या एक मावशी मैद्याची. मैद्याच्या खळीला पुढच्या वर्षापर्यंत किडे लागतात असा आक्कांचा आक्षेप आहे आणि त्यावरून दोघींत आठवडाभर अबोला होता हेही आम्ही पाहिले आहे. खळीत बुडवलेला देवदूत कागदाच्या शंकूवर चढवायचा, पंख टाचण्यांनी ताणायचे आणि रात्रभर वाळू द्यायचा. शंकूला आधी प्लास्टिकची पिशवी गुंडाळायची, नाहीतर कागद झग्याला कायमचा चिकटतो.

आम्ही घड्याळ लावून बघितले. हात बसलेल्या बाईला एका देवदूताला अडीच तास लागतात, खळ आणि वाळवण सोडून. हे अडीच तास सलग कुणालाच मिळत नाहीत. भाकऱ्या थापणे, नळाला पाणी येण्याची वाट बघणे, नातवाची शाळा, यांच्या फटीतून ते दहा-दहा मिनिटांनी काढावे लागतात. रात्री पांढऱ्या दोऱ्याचा टाका नीट दिसत नाही म्हणून आक्का मांडीवर काळे फडके पसरतात.

आता हिशेब. २०२४-२५ साली कर्नाटकात रोजगार हमीच्या कामाची मजुरी दिवसाला ३४९ रुपये होती. आठ तासांनी भागले तर तासाला साधारण ४४ रुपये. अडीच तासांचे १०९. दोरा, कापूस, खळ यांचे १५ धरा. एका देवदूताचे १२४ रुपये झाले. यात नफा नाही, कौशल्याचा एक पैसा नाही. माती उपसणाऱ्या माणसाला सरकार तेव्हा जे देत होते तेवढेच धरले आहे. आम्ही मागत होतो ५०. मिळाले २०. म्हणजे दोऱ्याचे वगैरे पैसे जाता अडीच तासांच्या कामाचे पाच रुपये. बेगम बाजारात येण्याजाण्याचे तिकीट त्या बंधूंनी धरले होते की नाही, देव जाणे.

त्या बाजारातल्या माळेविषयीही बोलले पाहिजे. ती प्लास्टिकची असेल तर तुलनाच नको. पण क्रोशाची असेल, तर लक्षात घ्या: स्वेटर यंत्रावर विणता येतो, कारखान्यात हजारांनी निघतो. क्रोशाचे तसे नाही. यंत्रावर निघते ती दिसायला तशी वाटणारी नक्कल. खरे क्रोशे आजही हाताने आणि सुईनेच होते. तेव्हा क्रोशाची वस्तू जिथे दहा-वीस रुपयांना दिसेल तिथे ती बाईच्या अंगावर पडलेल्या मजुरीमुळेच स्वस्त झालेली असते.

आंध्रात गोदावरीच्या मुखाजवळ नरसापूर आहे. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी तिथल्या गरीब ख्रिस्ती बायकांना क्रोशाची लेस शिकवली. हेतू चांगला होता. पुढे तिचा मोठा व्यापार झाला, माल परदेशी जाऊ लागला. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी तिथे राहून अभ्यास केला आणि १९८२ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. त्यांना दिसले ते असे की बायका घरकाम सांभाळून रोज सहा-आठ तास लेस विणत होत्या, व्यापारी त्यावर श्रीमंत होत होते आणि सगळे म्हणत होते की या काय गृहिणी, फावल्या वेळात बसून करतात. त्या बायकाही स्वतःविषयी तेच म्हणत. 'बसल्या जागी' याला तेलुगूतही शब्द असणार. २०२४ मध्ये त्या लेसला भौगोलिक मानांकन मिळाले. छान झाले. विणणारीच्या हातात काय पडते हा प्रश्न मानांकनाने सुटत नाही.

बीदरच्या माणसाला हातकामाची किंमत सांगावी लागावी याचे तर आम्हाला नवलच वाटते. चौबाऱ्याच्या आसपास बिदरीचे कारागीर बघत आपण मोठे झालो. जस्त-तांब्याचे ओतीव भांडे, त्यावर कोरलेल्या नक्षीत ठोकलेली चांदीची तार, शेवटी किल्ल्यातली माती आणि नवसागर यांच्या पाण्याने आलेला तो काळा रंग. २००६ मध्ये बिदरीला मानांकन मिळाले, २०२३ मध्ये शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आपली छाती फुगली. पाहुण्याला बिदरीची डबी भेट देताना किंमत ऐकून आपण कौतुकाने म्हणतो, "हातकाम आहे, असणारच." तो कारागीरही बसल्या जागीच काम करतो ना? आणि शेजारच्या बसवकल्याणात १२ व्या शतकात शरणांनी कायकाला, म्हणजे घाम गाळून केलेल्या कामाला, ईश्वराच्या पूजेचा मान दिला. त्यांच्यातले नुलिय चंदय्या दोर वळून विकत. आपले लिंगायत शेजारी त्यांचे नाव आजही आदराने घेतात. दोर वळणाऱ्याला संत मानणाऱ्या जिल्ह्यात आपण राहतो आणि दोरा विणणारीशी घासाघीस करतो.

दुसरा आक्षेप धार्मिक आहे, म्हणून अधिक अवघड. "चर्चसाठीच आहे ना, सेवा म्हणून करा. प्रभू देईल." हे वाक्य आम्हीसुद्धा उच्चारलेले आहे, एकदा नव्हे, अनेकदा. धर्मशिक्षकाच्या तोंडी ते फार सहज येते. पण नाताळचा मांडव घालणारा सेवा करत नाही, त्याला पूर्ण पैसे मिळतात. रोषणाईवाल्याला आगाऊ रक्कम मिळते. स्पीकरवाला तर पैसे हातात पडल्याशिवाय वायर सोडत नाही, आणि त्यात आम्हाला काही चूक दिसत नाही. मग सेवा नेमकी त्या पाच जणींच्याच वाट्याला का येते, ज्यांच्यातल्या तिघी विधवा आहेत?

यावर कुणी निर्गम उघडून दाखवील की मंडपाचे काम लोकांनी स्वखुशीने केले. जरूर उघडा, आम्हालाही तेच हवे आहे. २६ व्या अध्यायात देव मोशेला निवासमंडपाचे पडदे कसे करावेत ते सांगतो, आणि त्या पडद्यांवर कुशल कारागिराने करूब काढायचे आहेत. म्हणजे सुताचे देवदूत ही काही बाजारातून आलेली नवी टूम नाही. (देवदूत टांगणे म्हणजे मूर्तिपूजा असे ज्या बांधवांना वाटते त्यांनीही हा अध्याय वाचावा, आम्ही त्यावर अधिक वाद घालणार नाही.) ३५ व्या अध्यायात बायकांनी आपल्या हातांनी सूत कातून आणले असे येते. मात्र लगेच पुढे सरदार आहेत. त्यांनी मौल्यवान रत्ने आणली, मसाले आणि तेल आणले. कातणारीने कातले आणि श्रीमंताने तिजोरी उघडली. ती स्वखुशी सर्वांची होती. आपल्याकडे सरदार रत्ने घरी ठेवतात आणि कातणारीला तेवढे स्वखुशीचे महत्त्व समजावतात.

प्रेषितांच्या कृत्यांत यापो गावची तबिथा आहे. ती वारली तेव्हा पेत्राभोवती विधवा रडत उभ्या राहिल्या आणि तिने शिवलेली वस्त्रे त्याला दाखवू लागल्या. त्या जागी तिच्याविषयी कुणी भाषण केलेले नाही. तिच्या हातचे काम दाखवले गेले आणि प्रेषिताने ते थांबून बघितले. उलटे करून शिवण तपासली आणि भाव पाडला असे काही तिथे लिहिलेले नाही.

आणि ज्याची आकृती आपण झाडाला टांगतो तो देवदूत तरी कुणाकडे गेला होता? लूकच्या दुसऱ्या अध्यायात तो रात्रपाळीवर असलेल्या मेंढपाळांकडे जातो. आपल्या भागात सुगी संपली की धनगर शेतात मेंढरे बसवतात, घोंगडी पांघरून रात्रभर जागतात आणि खताच्या मोबदल्यात शेतकऱ्याकडून ज्वारी घेतात. त्या ज्वारीच्या पायलीवरूनही आपण घासाघीस करतो हे ज्यांची शेती आहे त्यांना ठाऊक आहे. जगाच्या तारणाची बातमी पहिल्यांदा कळली ती अशा माणसांना. नाताळच्या रात्री आपण हे वाचन उभे राहून ऐकतो. त्याच आठवड्यात, त्याच ओसरीत, देवदूताचे वीस रुपये देतो.

याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात थकवलेली मजुरी स्वतःच ओरडते आणि ते ओरडणे प्रभूच्या कानी जाते. हा भाग आम्ही वर्गात दरवर्षी शिकवतो. हे मोठ्या जमीनदारांविषयी आहे असे मुलांना सांगतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो.

आता सगळ्यांत कठीण आक्षेप, आणि तो खुद्द आक्कांचा आहे. किंमत १२५ करायची म्हटल्यावर त्या घाबरल्या. म्हणाल्या, "एवढ्याला कोण घेतंय बाबा? वीस तर वीस, हातात येतंय ते बघा. तुमच्या न्यायापायी माझे देवदूत तसेच राहतील." याला आमच्याकडे पूर्ण उत्तर नाही. कमी खपतील हे खरे आहे. न खपल्याची झळ आम्हाला नव्हे, त्यांनाच लागणार, हेही खरे. तत्त्वासाठी दुसऱ्याच्या चुलीवर पाणी ओतणे आमच्या पेशाला नवीन नाही, म्हणून आम्ही फार सावधपणे बोलतो आहोत. पण दर वर्षी भाव पडत गेला तर पाचव्या वर्षी त्या वीसही मागू शकणार नाहीत. गेल्या वर्षीचेच बघा ना: त्या बंधूंनंतर आलेल्या सगळ्यांनी वीसच दिले, कारण त्यांनी ते वीस टेबलावर पडलेले पाहिले होते.

तेव्हा यंदा असे ठरले आहे. सजावटीसाठी जमा होणाऱ्या पैशातून गोठ्यावर आणि झाडावर लावायला २४ देवदूत धर्मग्राम स्वतः विकत घेईल, प्रत्येकी १२५ रुपयांनी. त्यासाठी रोषणाईची एक माळ कमी लागेल. फादरांनी होकार दिला आहे. पैसे आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, काम सुरू होण्याआधी, विणणाऱ्या भगिनीच्या हातात मिळतील, नवऱ्याच्या किंवा मुलाच्या नव्हे. म्हणजे एकही देवदूत बाहेर खपला नाही तरी प्रत्येकीचे चार-पाच निश्चित खपलेले असतील.

ज्यांना घरासाठी हवे आहेत त्यांनी दुसऱ्या रविवारपर्यंत नोंद करावी. रंग पांढरा आणि मोतिया, दोनच. सोनेरी दोरा मागू नये, तो सुईत अडकतो आणि आक्कांच्या बोटाला कापतो. ज्यांना १२५ परवडत नाहीत त्यांनी संकोच करू नये. त्यांच्या मुलींना, आणि मुलांनाही, शनिवारी दुपारी वर्गानंतर क्रोशे शिकवण्याचे मावशींनी मान्य केले आहे. शिकवण्याचा मेहनताना धर्मग्राम देईल. सुई आणि जुने काळे फडके सोबत आणावे. खळ साबुदाण्याची की मैद्याची, हा प्रश्न कृपा करून वर्गात काढू नये.